डिस्चार्ज कार्डावर नसलेली ओळ

लता मंगेशकर यांना श्वास घ्यायला त्रास होऊ लागला म्हणून ११ नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल करण्यात आले. नव्वदी नुकतीच पूर्ण झाली होती. पुढचे चार आठवडे अफवांना ऊत आला. ८ डिसेंबरला त्या घरी परतल्या आणि त्यांनी स्वतःच जाहीर केले, की २८ दिवस रुग्णालयात काढले, न्यूमोनिया झाला होता. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२१मध्ये, शंभरीत पदार्पण केलेले बाबासाहेब पुरंदरे पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात दाखल झाले. तिथेही निदान न्यूमोनियाचेच होते. १५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले.

अशी बातमी वाचली की घराघरांत एकच उद्गार निघतो : ‘वय झालं होतं.’

नव्वदी-शंभरीच्या बाबतीत हे एक वेळ मान्य करू. पण पालघर जिल्ह्यातल्या वसई-विरारमधल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात पावसाळ्यानंतर किंवा थंडीत एक फेरी मारली, तर ऑक्सिजनची नळी लावून बसलेले सगळेच काही नव्वदीचे नसतात. त्यांत वालीवच्या कारखान्यात पंचवीस वर्षे मशीनवर काढलेला पंचावन्न वर्षांचा कामगार असतो, निर्मळ-गासकडची वाडीत राबलेली मावशी असते, नालासोपाऱ्याचा रिक्षावाला असतो. त्यांच्या बाबतीत वयाऐवजी दुसरी कारणे तयार असतात. ‘दमा होताच’, ‘शुगर होतीच’, ‘आधी अॅटॅक येऊन गेला होता’. कारण बदलते, पण कपाळावर हात मारून मोकळे होण्याची रीत तीच राहते. यांतल्या काही रुग्णांना हा आजार टाळता आला असता, हा विचार ना नातेवाइकांच्या मनात येतो, ना बहुतेक वेळा रुग्णालयाच्या.

असा एखादा रुग्ण बरा होऊन निघतो तेव्हा त्याच्या हाती पडणारे डिस्चार्ज कार्ड जरा नीट वाचून पाहावे. वरच्या बाजूला निदान : एलआरटीआय, म्हणजे श्वसनमार्गाच्या खालच्या भागातला संसर्ग, सोबत डायबेटिस, बीपी, कधी सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार. मग रक्ताचे रिपोर्ट, छातीचा एक्स-रे, दिलेल्या इंजेक्शनांची नावे. खाली गोळ्या, एक-शून्य-एक, जेवणाआधी की नंतर. शेवटी ‘सात दिवसांनी दाखवणे’ आणि ‘तेलकट-तिखट टाळणे’. एवढ्या तपशिलात दोन गोष्टी सहसा सापडत नाहीत. संसर्ग नेमक्या कोणत्या जंतूचा होता, हे नसते. आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून कोणती लस घ्यावी, हेही नसते. पहिल्या गोष्टीला निदान काही कारणे आहेत. दुसऱ्या गोष्टीचे समर्थन करता येत नाही, आणि हा लेख तिच्याबद्दलच आहे.

प्रौढांच्या न्यूमोनियाला अनेक जंतू कारणीभूत असतात. त्यांत न्यूमोकॉकस हा जगभरातला सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत अभ्यासलेला आरोपी. हा काही अलीकडे परदेशातून आलेला पाहुणा नव्हे. फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी १८८१ सालीच, एकमेकांना न कळता, तो वेगळा काढला होता. एरवी तो नाका-घशात मुकाट पडून असतो, विशेषतः लहान मुलांच्या, आणि बहुतेकांना काही करत नाही. फ्लू होऊन गेला, फुफ्फुस विडीने किंवा धुराने खराब झालेले असले, मधुमेहाने प्रतिकारशक्ती खालावली, की तो खाली उतरतो. फुफ्फुसात शिरला तर न्यूमोनिया, रक्तात पसरला तर सेप्सिस, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर मेनिंजायटिस.

त्याचे सगळे बळ त्याच्या कवचात आहे. साखरेच्या लांब साखळ्यांचे हे कवच शरीराच्या पहारेकरी पेशींना चकवते. कवचाच्या रचनेवरून या जंतूचे शंभरहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत, आणि लस जे काम करते ते एवढेच, की त्यांतल्या निवडक कवचांची ओळख शरीराला आधीच पटवून ठेवते. (जाता जाता : फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८मध्ये आणि ओस्वाल्ड एव्हरी यांच्या चमूने १९४४मध्ये याच कवचाचे कोडे सोडवताना आनुवंशिकता डीएनएमध्ये असते, या शोधापर्यंत मजल मारली. माणसाला छळणाऱ्या एका जंतूने माणसाला एवढे मोठे ज्ञान दिले, हे कबूल करायला हरकत नाही.)

तरुण माणसात हा न्यूमोनिया वाजतगाजत येतो. हुडहुडी भरून ताप, श्वास घेताना छातीत सुरी फिरावी तशी कळ, गंजाच्या रंगाचा बेडका. म्हाताऱ्या माणसात तो चोरपावलांनी येतो. ताप असेलच असे नाही. आजी दोन दिवस जेवत नाहीत, आजोबा भलतेच बोलू लागतात, रात्री बाथरूमला जाताना पडतात. घरचे म्हणतात, अशक्तपणा आला, एक सलाइन लावून आणू. त्या सलाइनमध्ये दीड-दोन दिवस जातात.

हे दीड-दोन दिवस किती मोलाचे असतात, ते रॉबर्ट ऑस्ट्रियन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन हाताशी आले आणि न्यूमोकॉकसचा प्रश्न मिटला, असे वैद्यकीय जग समजून चालले होते. इतके, की तोवर तयार झालेल्या लसी खप नाही म्हणून बाजारातून काढून घेतल्या गेल्या. ऑस्ट्रियन न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयात काम करत होते. त्यांनी तिथल्या रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली आणि १९६४मध्ये जेरोम गोल्ड यांच्यासह ती प्रसिद्ध केली. जंतू रक्तात पोचलेल्या रुग्णांपैकी जे पहिल्या पाच दिवसांत दगावत होते, त्यांना पेनिसिलिनचा जवळपास काहीच उपयोग होत नव्हता. औषध जंतूला मारत होते, पण तोवर शरीराची जी नासाडी झालेली असे ती भरून निघत नव्हती. उपचार कितीही चांगले असले तरी काही रुग्णांपर्यंत ते उशिरानेच पोचणार, तेव्हा आजार मुळात होऊच नये हा एकच उपाय, असा निष्कर्ष काढून ऑस्ट्रियन लसीच्या मागे लागले. १९७७मध्ये १४ प्रकारांवरची आणि १९८३मध्ये २३ प्रकारांवरची लस अमेरिकेत मंजूर झाली.

ब्रुकलिनच्या रुग्णालयात सगळ्या सोयी असताना हे घडत होते. आता हाच हिशोब वसई-विरारला लावून बघू. चार नगरपरिषदा आणि पन्नासेक गावे एकत्र करून ३ जुलै २००९ला महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत इथे १२ लाख २२ हजार माणसे मोजली गेली. त्यानंतर किती वाढली ते विरार लोकलमध्ये सकाळी चढू पाहणाऱ्या कुणालाही विचारावे. महापालिकेचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्यात तुळिंजचे आहे, बंगलीचे कार्डिनल ग्रेशियस आहे, खासगी रुग्णालये तर गल्लोगल्ली आहेत. तरी व्हेंटिलेटर लागेल म्हटले की अनेक कुटुंबे अजूनही रुग्णाला घेऊन मुंबईची वाट धरतात. ती वाट म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्ग. २०२५च्या पावसाळ्यात याच महामार्गाच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकून माणसे दगावल्याच्या घटना पालघर जिल्ह्याने पाहिल्या. आधी मेडिकलवरून अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप, मग गल्लीतल्या डॉक्टरचे इंजेक्शन, मग सलाइन, मग जवळचे नर्सिंग होम, मग घोडबंदरची कोंडी. ऑस्ट्रियन यांचे पाच दिवस इथे दाखल होण्याआधीच संपत आलेले असतात.

डिस्चार्ज कार्डावर जंतूचे नाव नसते, त्याचेही उत्तर उपचारांच्या या रांगेतच आहे. अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस पोटात गेल्यावर बेडक्याची किंवा रक्ताची कल्चर केली, तर न्यूमोकॉकससारखा नाजूक जंतू उगवत नाही. लघवीतून त्याचा अंश ओळखणारी चाचणी आहे, पण तिचा खर्च आहे आणि उपचार काही तिच्यासाठी थांबत नाहीत. डॉक्टर अंदाजाने अँटिबायोटिक देतात, आणि ते बरोबरच करतात. पण त्यामुळे जंतूची नोंद कुठेच होत नाही. वरती सरकारदरबारी विचारले, की प्रौढांमध्ये हा आजार किती आहे, तर भक्कम आकडा पुढे येत नाही. आकडा नाही म्हणून योजना नाही, योजना नाही म्हणून आकडा गोळा करण्याची निकड नाही. हा आजार भारतात नाही असे मात्र कुणी म्हणू शकणार नाही. नव्वदच्या दशकातच देशातल्या सहा रुग्णालयांनी मिळून न्यूमोकॉकसची पाहणी केली होती, तिचा अहवाल १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि त्या सहांत आपले नागपूर होते. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तेव्हापासून आजतागायत हे काम करत आले आहे.

न्यूमोनिया बरा झाला म्हणजे सुटलो, असेही नाही. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॅनियल मशर आणि सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकल न्यूमोनिया होऊन दाखल झालेल्या १७० रुग्णांच्या फायली तपासल्या. त्यांतल्या ३३ जणांना रुग्णालयातल्या त्याच मुक्कामात हृदयाचे गंभीर दुखणे झाले होते : अॅटॅक, हृदयाची लय बिघडणे, हार्ट फेल्युअर. म्हणजे जवळपास पाचांत एक. २००७मध्ये हे प्रसिद्ध झाले. आपल्याकडे अशा रुग्णाच्या मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिले जाते आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘साधा कफ झाला होता हो, अचानक अॅटॅक आला.’ त्या साध्या कफाचा आणि अचानक अॅटॅकचा संबंध जोडायला कुणी बसत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. १९८०च्या दशकात व्हर्जिनियातल्या डेव्हिड फेडसन या डॉक्टरांनी एक अगदी साधा प्रश्न विचारला. आज न्यूमोनिया होऊन दाखल झालेली माणसे याआधी कुठे होती? उत्तर निघाले : रुग्णालयातच. त्यांतले साधारण दोन-तृतीयांश रुग्ण मागच्या चार-पाच वर्षांत कुठल्या ना कुठल्या दुखण्यासाठी भरती होऊन, बरे होऊन, घरी गेलेले होते. म्हणजे ज्यांना हा आजार गाठणार ती माणसे गर्दीत शोधत फिरायची गरज नाही. ती आज वॉर्डात आहेत, उद्या फाइल घेऊन दारातून बाहेर पडणार आहेत. लस द्यायची तर ती याच दारात. अमेरिकेने पुढे याच तत्त्वावर नियम बदलले. २००२पासून तिथल्या रुग्णालयांत फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस देण्यासाठी प्रत्येक रुग्णामागे डॉक्टरची वेगळी सही लागत नाही. ठरलेल्या निकषांत रुग्ण बसला की नर्स लस देते.

वसई-विरारमध्ये नर्सना हे काम नवीन नाही. फक्त त्या ते दुसऱ्या वयोगटासाठी करतात. नागरी आरोग्य केंद्राच्या लसीकरणाच्या दिवशी सकाळी पाहावे. माता-बाल संरक्षण कार्ड हातात घेऊन रांग लागलेली असते. दीड महिन्याच्या बाळाच्या डाव्या मांडीत पाच आजारांवरची पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, म्हणजे याच न्यूमोकॉकसची लस. दुसरा डोस साडेतीन महिन्यांचे झाल्यावर, बूस्टर नऊ महिन्यांचे झाल्यावर, सगळे मोफत. आई कामावर गेलेली असते म्हणून बाळाला मांडीवर धरून अनेकदा आजी बसलेली असते. ती आजी मधुमेही असते, तिला दम लागत असतो, आणि नातवाच्या नाकातला जंतू सगळ्यात आधी तिच्याकडेच जाणार असतो. केंद्रातली सिस्टर बाळाचे कार्ड भरते, पुढची तारीख सांगते. आजीला कुणी काही विचारत नाही. विचारून उपयोगही नसतो, कारण तिच्यासाठी त्या केंद्रात लस ठेवलेलीच नाही.

बाळांची ही लस आपल्याकडे उशिरा आली, पण नेटाने आली. मे २०१७मध्ये हिमाचल प्रदेशातून सुरुवात झाली. पाच राज्यांपुरती अडकलेली ही लस देशभर देण्याची घोषणा २०२१च्या अर्थसंकल्पात झाली. महाराष्ट्रात त्याच वर्षी जुलैमध्ये ती बाळांना मिळू लागली. त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांवरची ‘न्यूमोसिल’ तयार केली, डिसेंबर २०२०मध्ये ती बाजारात आली आणि परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीला पहिल्यांदा धक्का बसला. मुलांना लस दिली की त्यांच्या नाका-घशातले ते प्रकार कमी होतात आणि घरातल्या मोठ्यांनाही आडून फायदा होतो. अमेरिकेत २०००मध्ये बाळांची लस सुरू झाल्यावर ज्येष्ठांमधला त्या प्रकारांचा आजारही घटला. पण एवढ्यावर विसंबता येत नाही. लसीत नसलेले प्रकार रिकामी झालेली जागा पटकावतात, आणि ब्रिटनमध्ये ज्येष्ठांना नेमके तेच छळू लागले. तिथे ६५ वर्षांवरच्यांना सरकारी खर्चाने वेगळी लस दिली जाते. जपाननेही २०१४पासून ज्येष्ठांसाठी नियमित कार्यक्रम सुरू केला.

भारतात प्रौढांसाठी असा सरकारी कार्यक्रम नाही. डॉक्टरांच्या संघटनांनी शिफारशी केलेल्या आहेत, छातीच्या डॉक्टरांनी केल्या आहेत, मधुमेहतज्ज्ञांनी केल्या आहेत. त्या कागदावर आहेत. लस खासगीत मिळते, काही हजार रुपये पडतात. ज्याचा मुलगा आयटीत आहे किंवा मुलगी दुबईला नर्स आहे, त्याला ती बहुधा मिळते. वीटभट्टीवरच्या किंवा दगडखाणीवरच्या मजुराला, ज्याच्या फुफ्फुसात धूळ बसलेली आहे, तिचे नावही माहीत नसते.

इथे लसीची बाजू मांडताना हात राखूनच बोलायला हवे, कारण लस विकणाऱ्यांच्या जाहिरातीत ही काळजी दिसत नाही. प्रौढांमधला सर्वांत मोठा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला. ६५ वर्षांवरच्या सुमारे ८५ हजार लोकांपैकी निम्म्यांना १३ प्रकारांची लस दिली, निम्म्यांना नुसते पाणी म्हणावे असे इंजेक्शन. निष्कर्ष २०१५मध्ये आले. लसीत असलेल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाला, त्याच प्रकारांचा रक्तात पसरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी. हे चांगलेच आहे. पण सगळ्या कारणांनी होणारा न्यूमोनिया एकत्र धरला तर दोन गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही, आणि मृत्यूंच्या आकड्यातही नाही. प्रयोगाचा खर्च लस बनवणाऱ्या कंपनीने केला होता, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा ‘न्यूमोनियाची लस’ म्हणून जी विकली जाते ती सगळ्या न्यूमोनियाची नाही. ती एका जंतूच्या काही प्रकारांची आहे. २३ प्रकारांच्या जुन्या लसीचे संरक्षण काही वर्षांत ओसरते, तेही खरे.

मग आग्रह कशाला? याचे उत्तर त्याच प्रयोगात दडलेले आहे. त्यात सहभागी झालेले बहुतेक लोक घरी राहणारे, बऱ्यापैकी धडधाकट डच नागरिक होते. धडधाकट माणसाला हा आजार क्वचित होतो, त्यामुळे खूप जणांना लस द्यावी तेव्हा एखाद्याचा आजार टळतो. त्याच प्रयोगाच्या नंतरच्या विश्लेषणात मधुमेहींमध्ये लसीचा परिणाम जास्त ठळक दिसला. जिथे धोका मोठा, तिथे प्रत्येक डोसची कमाई मोठी. साठीवरच्या सरसकट सगळ्यांना मोफत लस द्या, अशी मागणी सभेत टाळ्या घेईल, पण महापालिकेची तिजोरी बघता ती उद्याही होणार नाही आणि परवाही नाही. वॉर्डातून बाहेर पडणाऱ्या ठरावीक रुग्णांपासून सुरुवात करा, ही मागणी लहान आहे, शहाणपणाची आहे आणि लगेच करता येण्यासारखी आहे.

हे ठरावीक रुग्ण कोण, तेही गुलदस्त्यात नाही. एकदा न्यूमोनिया होऊन गेलेले. सीओपीडी असलेले. हार्ट फेल्युअरचे. डायलिसिसवरचे. लिव्हर सिरोसिसचे. केमोथेरपी चाललेले. एचआयव्हीबाधित. मधुमेह ताब्यात नसलेले, त्यातही विडी-सिगारेट ओढणारे.

आणि एक गट असा, ज्याची दखल जवळपास कुणी घेत नाही : प्लीहा काढलेले रुग्ण. महामार्गावर अपघात होतो, पोटाला मार बसून प्लीहा फाटते, सर्जन ती काढून जीव वाचवतात. तरुण मुलगा दहा दिवसांत चालत घरी जातो. प्लीहा नसलेल्या शरीरात न्यूमोकॉकस शिरला तर सकाळी ताप आणि रात्री मृत्यू, इतक्या वेगाने खेळ आटोपू शकतो. अशा रुग्णाला लस न देता घरी पाठवणे हा उपचारातला सरळ सरळ दोष आहे. याच पंगतीत सिकलसेलचे रुग्ण बसतात, कारण त्या आजारात प्लीहा हळूहळू निकामी होत जाते. पालघर हा आदिवासी जिल्हा आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूकडच्या पाड्यांवर सिकलसेलची तपासणी होते, लाल-पिवळी कार्डे वाटली जातात. २०२१नंतर जन्मलेल्या बाळांना पीसीव्ही मिळते. त्याआधी जन्मलेला सिकलसेलचा मुलगा आज विशीत असेल, तर तो मधल्या फटीतच पडला.

पैशाचा मुद्दा काढला जाईलच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरीवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, संरक्षण मिळाले. हे चांगलेच झाले. पण या योजनांचे पैसे माणूस खाटेवर आडवा झाल्यावर सुटतात. न्यूमोनिया होऊन व्हेंटिलेटर लागला तर सरकार लाखभर रुपये भरायला तयार, आणि तो होऊ नये म्हणून काही हजारांची लस मात्र ‘योजनेत बसत नाही’. खासगी विमा कंपन्यांचेही बहुतांशी तेच. भिजत घोंगडे ठेवण्याची सरकारी सवय समजू शकते, पण इथे घोंगडे भिजल्याचा खर्चही सरकारच भरते आहे, त्याचे काय?

मोठ्यांना लस देणे आपल्या यंत्रणेला झेपत नाही, हा बहाणा २०२१नंतर चालणार नाही. १ मार्च २०२१पासून साठीवरच्यांना आणि सहव्याधी असलेल्या पंचेचाळिशीपुढच्यांना कोविडची लस मिळू लागली. याच शहरात शाळांच्या वर्गांत, सभागृहांत, मंडपांत रांगा लागल्या. सहव्याधीचे प्रमाणपत्र कसे द्यायचे, यादी कशी करायची, दुसऱ्या डोसचा निरोप कसा पाठवायचा, सगळे त्याच सिस्टर आणि आशाताईंनी करून दाखवले. हज यात्रेला निघणाऱ्यांना सरकार दरवर्षी मेनिंजायटिसची लस देते, ज्येष्ठ यात्रेकरूंना फ्लूचीही. ती काही कुणी बाळे नसतात.

त्यामुळे महापालिकेकडे मागणे थोडके आहे. पेटिट आणि तुळिंज रुग्णालयांत वर सांगितलेल्या गटांसाठी लसीचा मोजका साठा ठेवावा, प्लीहा काढलेल्या आणि सिकलसेलच्या रुग्णांपासून सुरुवात करावी. डिस्चार्ज कार्डाच्या छापील नमुन्यात एक ओळ घालावी : ‘न्यूमोकॉकल आणि फ्लूची लस : दिली / द्यायची आहे / गरज नाही.’ तीनपैकी एकावर खूण केल्याशिवाय कार्ड पूर्ण धरू नये. खासगी रुग्णालयांना ही ओळ घालायला एक पैसा लागत नाही. वसईच्या डॉक्टरांच्या संघटनांनी मनावर घेतले तर पुढच्या महिन्यात होईल. राज्य सरकारने लस एकगठ्ठा घ्यायचे ठरवले तर भाव खाली येतो, हे बाळांच्या लसीत दिसलेले आहे. आणि पुण्या-हैदराबादच्या कंपन्या बाळांसाठी स्वस्त लस बनवू शकतात, तर प्रौढांसाठीची परवडणारी लस कधी आणणार, हे त्यांना विचारण्याचा हक्क महाराष्ट्राला आहे.

धूर, धूळ, विडी, बोगस डॉक्टर आणि मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणारे अँटिबायोटिक यांचा बंदोबस्त लसीने होणार नाही. ती लढाई वेगळी आहे आणि ती लढावीच लागेल. तिचे निमित्त सांगून ही ओळ मात्र अडवू नये.

तोवर वाचकांनी एवढे करावे. घरात कुणी गेल्या पाच वर्षांत न्यूमोनिया, दमा, हृदय, किडनी किंवा मधुमेहासाठी दाखल झाले असेल, तर ती फाइल कपाटातून काढावी आणि पुढच्या फॉलोअपला सोबत न्यावी. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचाराव्यात : न्यूमोकॉकसची लस घ्यावी का, आणि घ्यायची तर १३ की २० प्रकारांची, की एकीनंतर वर्षभराने २३ची? ताप चालू असेल तर तो उतरल्यावर घ्यावी. दंड एक-दोन दिवस दुखतो, थोडी कणकण येऊ शकते. फ्लूची लस वेगळी आहे आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर तिचीही आठवण करून द्यावी. डॉक्टरांनी ‘गरज नाही’ म्हटले, तर का नाही, ते त्याच फाइलवर लिहून मागावे.